मधली भिंत

बीडमध्ये घरं बांधायचा आणि जुनी घरं नवी करून द्यायचा धंदा माझ्या वडिलांनी सुरू केला. आता तो मी बघते. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात, मीही. त्यांनी घमेली वाहण्यापासून सुरुवात केली, मग गवंडी झाले, मग स्वतःची कामं घ्यायला लागले. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आले. पहिली दोन वर्षं लोकांना वाटायचं, मुलगी वडिलांचा डबा घेऊन आलीय.

आप्पांकडे लोक यायचे ते एखादी खोली वाढवून मागायला. एक खोली पाहुण्यांना, एक धान्याला, एक थोरल्याचं लग्न झाल्यावर लागेल म्हणून. माझ्याकडे येणारे मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ही मधली भिंत काढून द्या. हॉल मोठा दिसला पाहिजे, स्वयंपाकघर हॉलमधून दिसलं पाहिजे. गेल्या काही वर्षांत मी बांधल्या त्याहून जास्त भिंती पाडल्या असतील.

मी मुळात भित्री आहे. धंद्यात हे कुणाला सांगत नाही, पण स्लॅब भरायच्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ज्या दिवसाचं सांगतेय त्या दिवशी मात्र मला कसलीही भीती वाटत नव्हती. सकाळी पोहे खाऊन, गाणं गुणगुणत मी साइटवर गेले होते.

घर एका निवृत्त शिक्षिकेचं. चौथीत त्या मला शिकवायला होत्या, म्हणून मी त्यांना अजून बाईच म्हणते. त्यांचे पती गेले, मुलगा पुण्याला. सुनेनं फोटो पाठवून कळवलं होतं की दिवाळीला येऊ तेव्हा किचन मोकळं असू द्या. हे घर आप्पांनीच बांधलेलं, वीसेक वर्षांपूर्वी. खाली दोन मोठ्या खोल्या, बाहेरून जिना, वर एक खोली. ती बाईंनी दवाखान्यातल्या एका नर्सला भाड्यानं दिली होती.

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीचा वरचा हातभर भाग दोन बोटं पुढे आलेला होता, बीमचा येतो तसा. मी खालून बघितलं आणि बीम आहे असं धरून चालले. आप्पा गुडघ्यांमुळे साइटवर येत नव्हते, पण घरीच होते. एक फोन केला असता तर कळलं असतं. त्या दिवसांत आप्पांना काही विचारायला जाणं मला कमीपणाचं वाटायचं.

अकराच्या सुमाराला दोन गड्यांनी दाराच्या बाजूनं भिंत फोडायला घेतली. तासाभरात पाच फुटांची मोकळी जागा झाली. हॉलमध्ये उभं राहून बाईंची फोडणीची कढई दिसायला लागली, आणि मी त्याचा फोटो काढून सुनेला पाठवला. आमचे मिस्त्री युसूफवडगाव या गावचे, सात-आठ वर्षांपासून माझ्याकडे. ते स्टुलावर चढून बीमवरचा गिलावा छिन्नीनं काढत होते. त्यांचा हात थांबला.

"ताई, जरा हिकडं या."

मी गेले.

"ह्या इटा हायेत."

"बाहेरून एक थर लावला असेल," मी म्हणाले.

"न्हाई. पार वरपर्यंत इटाच हायेत. बीम न्हाईच."

त्यांनी एक वीट हलवून बाहेर काढली. तिच्यामागेही वीट, आणि वर थेट स्लॅबचं करडं काँक्रीट. दोन्ही खोल्यांचा मिळून एकच स्लॅब होता, आणि तो मधोमध या भिंतीवर टेकलेला होता. ती भिंत आम्ही अर्धी पाडली होती.

मला हे समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वरून टक्कन आवाज आला. सुपारी फुटावी तसा. मिस्त्रींच्या टोपीवर पिठासारखी धूळ पडली. वर बघितलं तर स्लॅबवर पेन्सिलीनं मारल्यासारखी एक रेघ. मघाशी ती नव्हती.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हणाले. माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"पळू नका," मिस्त्री गड्यांना म्हणाले. "घण टाकू नका, खाली ठिवा. हळू चाला."

बाई स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. मी हात धरला तर म्हणाल्या, "थांब, देव तरी घेऊ दे."

"बाई, देव राहू द्या."

चौथीतल्या मुलीनं आपल्याला असं सांगावं, याचं त्यांना नवल वाटलं असेल. पण माझ्या तोंडाकडे बघून त्या निमूट चालायला लागल्या. मागचं दार बंद करायला गेल्या तर ते चौकटीत बसेना. सकाळी तेच दार बोटानं लागत होतं. म्हणजे वरचा भार सरकून त्या चौकटीवर आला होता.

अंगणात आल्यावर बाई म्हणाल्या, "अगं, वर ती झोपलीय. रात्रपाळी होती तिची."

जिना बाहेरून होता, पण तो चढून शेवटी त्याच स्लॅबवर पाय ठेवायचा होता. मी चप्पल काढून चढले. चपलेच्या वजनानं काय फरक पडणार होता, पण काढली. वर पोचल्यावर भिंतीच्या कडेकडेनं, एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेले. दार वाजवलं. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. पुन्हा वाजवलं. जोरात वाजवायची भीती वाटत होती, आणि हळू वाजवलं तर तिला ऐकू जात नव्हतं. शेवटी मी तिला फोन लावला. आत फोन वाजतोय, मी बाहेर उभी, आणि पायाखाली काही हलतंय का याकडे माझं सगळं लक्ष. हलत नव्हतं.

तिनं दार उघडलं. "कावून ओ? आत्ता कुठं डोळा लागलाय माझा."

"खाली चला. काही घेऊ नका."

ती उशी हातात घेऊनच खाली आली.

वरचं वजन कमी व्हावं म्हणून मिस्त्रींनी तोवर वरच्या टाकीच्या पाइपाचा नळ सोडून दिला होता. पाणी अंगणभर पसरत होतं, आणि आम्ही सगळे त्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून घराकडे बघत उभे होतो. फोन करून बोलावलेल्या सेंटरिंगवाल्याची गाडी लोखंडी टेकू घेऊन आली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ताई, तुमी भाईर थांबा. मी लावतो."

मी आत गेले. धाडस म्हणून नाही. त्यांना त्या स्लॅबखाली मी उभं केलं होतं. मी टेकूचा पाय धरायचे आणि ते वरचा स्क्रू आवळायचे. प्रत्येक पिळाला वर कुरकुर व्हायची. तिसऱ्या टेकूला पुन्हा तो टक्कन आवाज आला आणि आम्ही दोघं जिथल्या तिथं थांबलो. मिस्त्री डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मला घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवत होतं. बंद केलं की नाही, एवढंच.

चौदा टेकू लागले. मिस्त्री बाहेर पायरीवर बसून तंबाखू मळायला लागले तर चुना तळहाताबाहेरच पडत होता. बाई माझ्याजवळ आल्या. वाटलं, आता बोलणार. त्या म्हणाल्या, "घाबरलीस?"

"हो, बाई."

"मीही," त्या म्हणाल्या, आणि शेजारणीकडे चहा मांडायला गेल्या.

घरी गेले तेव्हा आप्पा शेंगा फोडत बसले होते.

"आप्पा, बाईंच्या मधल्या भिंतीवर बीम नाही."

"न्हाई," ते म्हणाले. "कशाला आसंल? खाली भिंत हाय की."

"मी ती पाडत होते. अर्धी पाडली."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी सगळं सांगितलं. ते मधे एकदाच बोलले, "कुणाला लागलं?" मी नाही म्हणाले.

"वरचा भाग पुढे आलेला होता, आप्पा. मला बीम वाटला."

"ते म्याच पुढं काढलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तवा बीम आसलेलं घर म्हंजी पक्कं घर, आसं लोकांच्या डोक्यात होतं. बीम तर सगळ्यांला परवडायचा न्हाई. मग इटा दोन बोटं पुढं सोडायच्या, गिलावा करायचा. बीम आसल्यावानी दिसायचं. घरमालक खूश. भिंत होती ना खाली, घराला काई धोका नव्हता."

"असं किती घरांना केलं?"

ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. कुठलं घर, कुठल्या गल्लीत, मालक काय करायचा, सगळं त्यांना आठवत होतं. "नऊ. बाईंचं धरून." मग शेंगा बाजूला सारून म्हणाले, "आता समदेच भिंती काढायलेत. त्यातल्या कुणी काढली आसंल तर?"

हा विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता. माझी भीती एका घरापुरती होती. आता ती नऊ घरांची झाली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं निघालो. मी स्कूटर चालवायची, आप्पा मागे, गुडघे आखडून. प्रत्येक घरी दार उघडलं की आधी आत नजर जायची, मधली भिंत आहे का. लिंबागणेश गावातल्या घरी ती होती, तिच्यावर देवाच्या तसबिरी होत्या. मला त्या भिंतीला हात लावून बघावंसं वाटलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एकजण हसून म्हणाला, "आप्पा, भिंत पाडू नका म्हणून सांगत फिरणारा ठेकेदार म्या पहिल्यांदाच बघितला."

पाली गावातल्या घरी भिंत नव्हती.

मालक दुधाचा धंदा करणारा, दारात सात-आठ म्हशी. मुलीचा साखरपुडा आठवड्यावर आला होता म्हणून बाहेरच्या कामगारांकडून त्यानं दोन खोल्यांचा एक हॉल करून घेतला होता. वर रंग दिला होता, झुंबर लावलं होतं. खाली चार बायका पापड लाटत बसल्या होत्या. आणि गच्चीवर कडब्याची गंज रचलेली, माणसाहून उंच.

आप्पांनी सांगितलं तसा तो चिडला. "दोन महिने झाले भिंत काढून. काई झालं का? आन तुमीच बांधलंय हे घर. तवा बी तुमीच, आता बी तुमीच. आता नवं काम पायजे म्हणून भ्या घालायले काय?"

मी पुस्तकातलं बोलायला लागले. तो ऐकेना. आप्पा म्हणाले, "दोरी हाय का?"

दोरी आली. आप्पांनी एका टोकाला मला, दुसऱ्या टोकाला त्याच्या पुतण्याला स्टुलावर उभं केलं. छतापासून चार बोटं खाली दोरी धरायला लावली आणि ताणून घेतली. मग मालकाला म्हणाले, "मदी जा. दोरीच्या आन छताच्या मदी बोटं घाला."

त्यानं स्टूल ओढलं, चढला. चार बोटं घालायला गेला. दोनच गेली. त्यानं हात काढून पुन्हा घातला. मग उतरून माझ्या टोकाकडे आला, इथली चार बोटं मोजली, पुन्हा मधे जाऊन दोन मोजली. खाली लाटणी चालूच होती.

"पापड ऱ्हाऊ द्या," तो बायकांना हळू आवाजात म्हणाला. "भाईर जाऊन बसा. समद्याजणी."

अंगणात त्यानं आप्पांना विचारलं, "बीम कावून न्हाई टाकला तुमी?"

"तवा भिंत होती," आप्पा म्हणाले. मग म्हणाले, "पर बीम आसल्यावानी दाखवलं, ते माजं चुकलं."

माझ्या वडिलांना असं म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. मालकानं पुतण्याला कडबा उतरवायला सांगितलं. सगळी पोरं एकदम वर निघाली तर आप्पांनी काठी आडवी धरली, दोघंच जा म्हणाले, आणि कडेकडेनं. दुपारभर पेंढ्या एकेक करून खाली येत राहिल्या. मी संध्याकाळपर्यंत टेकू लावून घेतले. मागच्या वेळेसारखीच प्रत्येक कुरकुरीला मी थांबत होते. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

साखरपुडा गोठ्यापुढच्या मांडवात झाला. म्हशी मधूनच हंबरत होत्या आणि भटजी तेवढ्यापुरते थांबत होते. नंतर आम्ही त्या घरात दोन खांब उभे करून लोखंडी गर्डर बसवला. बाईंनी मात्र भिंत होती तशीच पुन्हा बांधून घेतली. सुनेला म्हणाल्या, "मला स्वयंपाकघर हॉलमधून कशाला दिसायला पाहिजे? मीच असते तिथं."

आठ घरं झाली. नववं बीडमध्येच आहे, बसस्टँडकडून येताना डाव्या हाताच्या गल्लीत. ते दोनदा विकलं गेलंय, आताचे मालक परगावी असतात. शेजारी म्हणतात, मागच्या वर्षी आत काहीतरी तोडफोड चालली होती, ट्रॉलीभर राडारोडा बाहेर गेला. काय पाडलं ते त्यांना माहीत नाही. मी मालकांना मेसेज केले, ते वाचले गेले. फोन केला तर म्हणाले, "घर घ्यायचंय का? नसंल तर ठेवा." नगरपालिकेत अर्ज दिला आहे. दारावर भाड्यानं देण्याची पाटी आहे, तिच्याखाली मी 'मधली भिंत तपासल्याशिवाय आत राहू नका' असा एक कागद चिकटवून आले. दोनदा कुणीतरी तो काढला, मी पुन्हा चिकटवला.

आप्पा रोज सकाळी गुडघे दुखत असतानाही त्या गल्लीतून चक्कर मारून येतात. ते ओट्यावर चपला काढतात, काठी कोपऱ्यात ठेवतात आणि म्हणतात, "उभं हाय." मग मी कामाला निघते.