संगतीबाहेरची रोटीआई

रोटीआईचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. हिंगोलीच्या बाजारात हळकुंडं घासण्याचं काम तिनं उभा जन्म केलं आणि तो रंग कातडीत मुरला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असे. त्यासाठी लागणारी भाकर तीच भाजायची. आदल्या दुपारी चुलीतली राख घेऊन ती खापरीनं हात घासत बसायची. एकदा पाळकसाहेबांनी भर उपासनेत भाकरीचा एक तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला होता. त्यावर पिवळं बोट उमटलं होतं. प्रभूच्या शरीराला हळद लागलेली चालत नाही, असं ते म्हणाले होते. रोटीआई मान खाली घालून ऐकत होती. पुढच्या महिन्यात भाकरीवर डाग नव्हता. तिच्या बोटांची सालटं निघाली होती.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव सालोमी. पण वस्तीत रोज ज्वारीची भाकरी, गव्हाची रोटी काय ती प्रभूच्या मेजासाठी, म्हणून लेकरं तिला रोटीआई म्हणत. नवरा तापाच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी मी नगरकडून मिशनच्या शाळेत शिकवायला आले आणि पहिल्याच पावसाळ्यात विषमज्वरानं पडले. तिनं तीन आठवडे माझं सगळं केलं. गू-मूतसुद्धा.

माझी प्रार्थना पाठ केलेली असे. तिची तशी नव्हती. शेजाऱ्याला निरोप द्यावा तशी ती बोलायची. माझ्या कपाळावर ओला फडका ठेवून एकदा म्हणाली, "देवा, ही बाई परमुलखातून आली. हिच्या मायला मला तोंड दाखवायचं हाय. तू बराबर बघ." आणि दुसरा फडका पिळायला लागली. मी विचारलं, एवढीच? तर म्हणाली, "त्याला लई माणसं हायत बाई. आपण काहून येळ खावा?"

तिची म्हातारी आई डोंगरकडा गावात असे. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. ती शेवटची घटका मोजते आहे असा निरोप आला, तशी रोटीआई पायी निघाली. भाऊ नव्हता, भावकीतलं कुणी पुढं येईना. तेव्हा हिनंच आईच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं, मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, दहाव्याला भाताचा घास ठेवला. परत आली आणि कुणी विचारण्याआधी पाळकसाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. लपवायचं काही आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पंचांची बैठक बसली. पंच पाच, त्यांतली बाई मी एकटी. पाळकसाहेबांनी शास्त्रवचनं वाचली. म्हणाले, ही मूर्तिपूजाच झाली, पण मंडळीसमोर उभी राहून चुकलं म्हणाली तर विषय मिटला. रोटीआई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "घास ठिवला त्याचं तुमी सांगा, मला कळत न्हाई. पन मायला पानी पाजलं ते चुकलं, असं म्या न्हाई म्हणू शकत." पश्चात्ताप करीपर्यंत तिला प्रभुभोजनाच्या संगतीबाहेर ठेवावं, असं ठरलं. हात वर करायला सांगितलं. चार हात वर गेले. माझी नोकरी पाळकसाहेबांच्या शब्दावर होती. पाचवा हात माझा. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मला अजून आठवतं, मी हात कोपरात वाकवून, अर्धाच वर केला होता. मोजणाऱ्यानं तो पुरा धरला.

भाकर मात्र तिनंच भाजावी असं ठरलं, कारण तशी भाकर दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पुढची नऊ वर्षं दर महिन्याला तिनं भाकर भाजली, फडक्यात बांधून मेजावर ठेवली आणि दाराजवळच्या शेवटच्या चटईवर जाऊन बसली. ताट फिरत फिरत तिच्या शेजारणीपर्यंत जाई आणि तिथून मागे वळे. लढाईच्या दिवसांत गहू मिळेना. तेव्हा ती मजुरीतून पसा-पसा साठवून आणायची. उरलेले तुकडे पाळकसाहेबांच्या अंगणात कोंबड्यांना टाकत. ते उचलायला एकदा ती वाकली, तेव्हा पाळकसाहेबांच्या बायकोनं तिला हटकलं. मी तिथंच होते. रोटीआई मला म्हणाली, "कोंबड्या गुणाच्या हायत बाई. कधी कुनाला पानी पाजलं न्हाई त्यांनी." तिच्या तोंडून ऐकलेलं कडू असं तेवढं एकच वाक्य.

निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पाय सुजले, दम लागू लागला. रझाकारांच्या भीतीनं निम्मी वस्ती पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. शाळा बंद होती, म्हणून मी तिच्याजवळ बसत असे. एका सकाळी ती म्हणाली, आता जास्त दिवस नाहीत, एकवार प्रभूची भाकर तोंडात पडली तर बरं. मी पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले. ते म्हणाले, "चुकलं, एवढं म्हणू दे. मी लगेच येतो."

हा निरोप मी तिला सांगितला. ती म्हणाली, "चुकलं म्हणलं तर माय पुन्ना तहानलेली मरंल, बाई. बिगर म्हणता देत असले तर इचारून बघा."

मी पुन्हा गेले. पाळकसाहेबांनी विचारलं, म्हणाली का? हो म्हणायला काय लागत होतं? खोलीत तिच्याजवळ मी एकटीच होते. साक्षीला कुणी नव्हतं. मी तिचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. माझ्या हातात काही नाही, म्हणाले, आणि आत गेले. ते वाईट मनाचे नव्हते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

परत आले तर तिनं डोळ्यांनीच विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "येतायत."

"बिगर म्हणता?"

"हो."

तिचा चेहरा असा उजळला की तो मला बघवेना. तिनं मला पातळ नीट करायला सांगितलं, तिच्या डोईवर पदर ओढायला लावला, भिंतीला टेकवून बसवायला लावलं. दार सताड उघडं ठेवायला सांगितलं. पडून घ्या म्हटलं तर ऐकेना. पडून कसं घ्यावं प्रभूचं, म्हणाली. दुपार कलली. रस्त्यानं कुणी गेलं की ती पदर सारखा करी. तिन्हीसांजेला आवाज खोल गेला तेव्हा ती म्हणाली, "उशीर लागून राहिला, बाई. बंगला तर हितंच हाय."

दिवे लागायच्या आत ती गेली, बसल्या जागीच, तोंड दाराकडे.

दुसऱ्या दिवशी तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. पाळकसाहेब आले नाहीत. मला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. सकाळी बंगल्यावर तिच्यासाठी बोलायचं खोटं मी दुपारी तिच्याशीच बोलले.