मामाजी कुणाकडे बसले?

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात, ज्याला आपल्या बाजूला बसलेलं पाहून कुठलाही संघ हाय खातो, असा प्रेक्षक एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मी त्यांना मामाजी म्हणतो. वर्ध्याजवळच्या आंजी गावात त्यांची भाजीची वाडी आहे. सकाळी वर्ध्याच्या बाजारात वांगी, टमाटे आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उतरवायच्या, दुपारी आमच्याकडे जेवायचं आणि टीव्हीवर सामना असेल तर तो संपल्यावरच परतीची बस धरायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. दारात चपला काढता काढताच ते विचारतात, "कोन हारून राह्यलं?" कोण खेळतंय हे विचारत नाहीत, कुठे खेळतंय हेही नाही. आपण उत्तर दिलं की मामाजी त्या संघाचे झाले. आमच्या बैठकीत डावीकडे दिवाण आहे, उजवीकडे प्लास्टिकची खुर्ची. दिवाण एका संघाचा, खुर्ची दुसऱ्याची. सामना फिरला की मामाजी उठून जागा बदलतात. एकदा शेवटच्या पाच षटकांत सामना इतका खालीवर झाला, की मामाजींची नुसती येरझार चालली होती आणि शेवटचा चेंडू पडला तेव्हा ते बिचारे मधल्या टीपॉयपाशी उभेच होते.

आता कुणाच्या बाजूने ओरडायचं हे ठरवायच्या आमच्या बाकीच्यांच्या रीती तरी कुठे फार शहाणपणाच्या आहेत? शहरांच्या नावांचे संघ खेळतात त्या स्पर्धेत आमच्या वर्ध्याचा संघ नाही, त्यामुळे आम्ही सगळे दत्तक गेलेलो. माझा मेहुणा पुण्याला नोकरीला आहे म्हणून मी पुण्याकडचा, आणि पुण्याचा संघ नसेल त्या वर्षी मी पोरका. आमच्या कटिंगवाल्याला पिवळा रंग आवडतो, तेवढ्यावर त्याची निष्ठा. आमची ही तर कप्तानाच्या दाढीवर संघ ठरवते. पण एकदा ठरवला की आम्ही वर्षभर तरी टिकतो. मामाजी रोज गुणतक्त्यात सगळ्यात खाली कोण आहे ते बघतात आणि त्याचे होतात. तो संघ वर चढू लागला की यांचा त्याच्यातला रस संपला. मी एकदा वैतागून म्हणालो, "मामाजी, ज्यांच्यासाठी महिनाभर जीव टाकला ते आज चषक उचलतायत, आणि तुम्ही बघतसुद्धा नाही?" तर म्हणाले, "आता त्याहीले काय गरज हाय माही? पाहा ना किती मानसं जमले तेथी."

हे खेळापुरतं असतं तर मामींनी चालवून घेतलं असतं. पण वाडीतसुद्धा मान टाकलेल्या वांग्याला पहिलं पाणी आणि तरारलेली झाडं उन्हात ताटकळत. पोळ्याला तोरणाखाली झुली पांघरलेल्या, शिंगं रंगवलेल्या जोड्यांभोवती गाव गोळा होतं, तेव्हा हे सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या, फासळ्या मोजता येतील अशा जोडीपाशी जाऊन दाद देतात. "लय देखनी जोडी हाय, बाप्पा!" त्या बैलांच्या मालकालाच लाजल्यासारखं होतं. मामी म्हणतात, "मले पाह्यले आले तवा माह्यासंगं माही चुलतबहीनबी दाखोली होती. ते गोरी होती. मीच पसंत पडली, तवाच मले समजाले पायजे होतं." हे सांगताना मामींचा चेहरा मात्र पाहण्यासारखा असतो.

हिचाही एक किस्सा आहे, तो ती दर सहा महिन्यांनी सांगते. दहावीला ती गणितात नापास झाली. घरात आई रडते, वडील बोलत नाहीत, शेजारचे चौकशीला येऊन जातात. दुपारी मामाजी आले, हिच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि खिशातून वाळलेली बोरं काढून दिली. संध्याकाळपर्यंत दोघांनी बोरं खाल्ली. पुढच्या खेपेला ही पास झाली, चांगले मार्क पडले, पेढे वाटले, सगळा गोतावळा आला. मामाजी तेवढे आले नाहीत. ती अजून रुसून सांगते, "मी दिवसभर दारात पाहत होते."

पण मामाजींचं खरं नाव झालं ते गावातल्या कबड्डीत. आंजीच्या मैदानावर खुर्च्या नसतात. ज्याने त्याने आपलं बसायला आणायचं आणि आपल्या संघाच्या अंगाला पसरायचं. मामाजींजवळ खताचं एक धुतलेलं पोतं आहे, ते चौघडी करून काखेत. सामना चालू असताना मामाजी उठले, त्यांनी पोतं झटकलं आणि मैदानाला वळसा घालून पलीकडे निघाले, की ज्यांच्याकडे निघाले त्या संघाचे चेहरे उतरतात. गुणफलकापेक्षा पोरांचं लक्ष पोत्याकडे. हळूहळू गावाने ठरवूनच टाकलं, की हरणारा म्हणून मामाजी जवळ जात नाहीत, मामाजी जवळ जातात म्हणून तो हरतो. मी शिकलासवरलेला, सरकारी कचेरीतला माणूस. मी या समजुतीला खूप हसायचो.

एका वर्षी अंतिम सामना आंजी आणि हिंगणी यांच्यात आला. गावाने खबरदारी घेतली. कप्तान स्वतः मोटरसायकलवर मामाजींना घेऊन आला आणि हिंगणीच्या लोकांमध्ये नेऊन बसवलं. बरोबर दोन दांडगे गडी पहाऱ्याला, हातात चहाचा कप, पुढ्यात भजी. "मामा, पाया पडतो तुमच्या, येथून हालजा नोका." मध्यंतरानंतर हिंगणी आठ गुणांनी पुढे गेली. आपलं गाव मार खातंय आणि आपण पलीकडे भजी खातोय, हे काही मामाजींना सोसेना. ते चुळबुळले, मग उठले, पोतं झटकलं. आंजीच्या बाजूने एकच गलका उठला, "मामा, नोका येऊ! तेथीच बसा!" आपल्या गावाच्या माणसाला आपलंच गाव हात जोडून परत जा म्हणतंय, असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. मामाजी आलेच. आंजी हरली, एका गुणाने. चार दिवस गावात त्यांच्याशी कुणी बोललं नाही. आमच्याकडे आले तेव्हा खिन्न होते. म्हणाले, "जवाईबापू, आठनं हारत होते, एकनं हारले. मी गेल्यावर सात कमी झाले ना? हे कोनीच सांगत नाई."

मी विचारलं, "पण तुम्ही नेहमी हरणाऱ्यांकडेच काऊन बसता?"

"जितनाऱ्यापाशी बसाले जागाच भेटत नाई," ते म्हणाले. "हारनाऱ्यापाशी कसं, ऐसपैस."

मागच्या पावसाळ्यानंतर हिला डेंग्यू झाला. साधा ताप म्हणता म्हणता प्लेटलेट इतक्या उतरल्या, की तिला दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर आमचे इतके नातेवाईक होते, की मला बसायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी चौघे उरले. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आज काही सांगता येत नाही," आणि मी एकटा होतो. तेवढ्यात लांब व्हरांड्याच्या टोकाला मामाजी दिसले. काखेत पोतं. ते सरळ माझ्याकडेच येत होते.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी उठून त्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हणालो, "मामाजी, इकडे नका बसू. पाया पडतो." गावच्या पोरांना हसणारा मीच. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि जिन्याजवळ जाऊन उभे राहिले. पोतं त्यांनी पसरलं नाही. आणि तो रिकामा बाक मला खायला उठला. दहा मिनिटं कशीबशी काढली, मग मी स्वतः जाऊन त्यांचा हात धरून त्यांना आणलं. त्यांनी बाकाशेजारी पोतं अंथरलं, भिंतीला टेकले आणि खिशातून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. तीन दिवस ते तिथून हलले नाहीत. धीर दिला नाही, देवाचं नाव घ्यायला सांगितलं नाही. दिवसभर समोरच्या दाराकडे बघत बसायचे, सामना बघतात तसे.

सहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर नेहमीसारखंच "बघू" म्हणून गेले. आणि मामाजी उठले. त्यांनी पोतं झटकलं. मी काही विचारायच्या आत ते व्हरांडा ओलांडून पलीकडे गेले. तिथे हिंगणीकडची एक म्हातारी बसली होती, तिचा नवरा आदल्या संध्याकाळी आत गेला होता. तिच्याजवळ कुणी नव्हतं. मामाजींनी तिच्या शेजारी पोतं पसरलं. मला आधी रागच आला. सख्खी भाची आत आणि हा माणूस परक्यांकडे! मी तावातावाने गेलो. "मामाजी, काऊन उठले तुम्ही?"

"नर्सबाईले पाहा," ते हळूच म्हणाले. "परवापावतर तुमी आनलेलं औषध घेऊन पळत होती. आज चालून राह्यली. आता तुमाले माही गरज नाई."

मी त्या दाराकडे पाहिलं आणि तिथेच, त्या म्हातारीसमोर, रडलो. दुपारी प्लेटलेट वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो की हा माणूस बसला की संघ हरतो. त्याला फक्त कोण हरतंय ते आमच्या आधी दिसत होतं.

ही आता ठणठणीत आहे. मुलीला नोकरी लागली, माझी बदली टळली, घरात सगळं छान चाललं आहे. मामाजी बाजारात येतात, पण हल्ली घरी फिरकत नाहीत. दिवाण आणि खुर्ची, दोन्ही रिकामी. परवा सामना होता. हिने हौसेने वांग्याची भाजी केली आणि मला फोन लावायला सांगितलं. मी म्हणालो, "मामाजी, किती दिवस झाले, या ना. ही वाट पाहते आहे."

"तुमचं बरं चाल्लं ना, जवाईबापू?"

"हो, एकदम."

"मंग?"

ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. नाही हो, काही बरं नाही, असं खोटंच सांगून टाकावं, असं क्षणभर मनात आलं होतं.