केकाला पडलेली जाळी

माझा आवाज मोठा आहे. वालूरात कुणालाही विचारा. बांधावर उभी राहून मी हाक मारली की पलीकडच्या शिवारातला माणूस आधी दचकायचा आणि मग ओ द्यायचा. गड्यांशी भांडले, दुकानदाराशी भांडले, यजमानांशी तर रोजच भांडले, आणि तरी माझं कुणाशी कधी वाकडं आलं नाही. पोटात काही ठेवायचंच नाही, मग वाकडं यायचं कशाला?

पण यजमान गेले, गुडघ्यांनी संप पुकारला, शेत अर्ध्या वाट्यानं बटईला दिलं आणि लेक मला परभणीला घेऊन आला. निघताना थोरल्या बहिणीनं बजावलं, "आता सुनेच्या घरी चाललीस. तोंडाला कुलूप लाव. न्हाईतर पुढच्या सणाच्या आत माघारी येशील." माघारी म्हणजे कुठे, तर रिकाम्या घरात, भिंतींशी बोलायला. त्या विचारानं मी खरंच कुलूप लावलं. चहा फिका असो की भाजी खारट, माझं आपलं एकच, "मला चालतं बाई." टीव्ही त्यांच्या मर्जीनं, जेवण त्यांच्या वेळेला. बाई गं, गप्प राहून राहून माझा जीव नुसता गुदमरायचा!

सून पिंगळीची. तिचे वडील शाळेत मास्तर, ते निवृत्त होणार होते. त्या कार्यक्रमाला केक आपल्याच हातचा नेणार, बेकरीतला नको, असं तिनं मनावर घेतलं होतं. त्यासाठी छोटा ओव्हन आणला, फोनवर बघून बघून दही, मैदा, सोडा यांची मापं शिकली आणि रोज दुपारी सराव सुरू केला. घरभर वास सुटायचा. मला तर तो वासच आवडायचा.

पहिला केक तिनं माझ्यासमोर कापला. आत ही एवढाली भोकं! मला मनापासून आनंद झाला. आमच्यात अनारशाला जाळी पडली, धिरड्याला जाळी पडली, की करणारीच्या हाताची तारीफ होते. जाळी नाही पडली तर पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटते. मी कुलूप जरा सैल केलं आणि म्हणाले, "वा! काय सुरेख जाळी पडलीय! असली जाळी मला जन्मात जमली न्हाई."

सुनेनं चाकू ठेवला आणि ती आत निघून गेली. लाजली असेल, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पलंगावर पडले होते आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. धाड! परत, धाड! ओट्यावर भांडं आपटल्याचा.

आता बाई भांडं आपटते म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं? मी अख्खी हयात भांडी आपटत आलेय. नुसत्या आवाजावरून माझ्या सासूला कळायचं, राग तिच्यावर आहे की तिच्या लेकावर. मी लगेच उठून बसले आणि आपलं काय चुकलं ते आठवायला लागले. टॉवेल भलत्याच दोरीवर टाकला होता का? पहाटे उठून खुडबुड करते, त्यानं तिची झोपमोड होत असेल का?

संध्याकाळी केक पुढ्यात आला. भोकं कालच्याहून मोठी. राग घालवावा म्हणून मी आणखी गोड आवाजात म्हणाले, "आज तर कालच्यापेक्षा छान जाळी!" त्यानंतरच्या दुपारी भांडं असं आपटलं की माझ्या उशाचा चष्मा खाली पडला. पुढेही तेच. मी जितकी तारीफ करावी, तितकं ते भांडं जोरात आपटायचं आणि तितकीच केकाला भोकं वाढायची. मी बेजार झाले.

शेवटी मी लेकाला म्हटलं, "मला वालूरला नेऊन सोड."

"का गं?"

"असंच. घर झाडून येते."

"बरं, रविवारी जाऊ," तो म्हणाला, फोनमधून डोकं वर न काढता. राहा म्हणाला नाही. मला फार लागलं ते.

शनिवारी दुपारी मी पिशवी भरायला घेतली. लुगड्याची घडी घालत होते आणि आतून परत, धाड! माझं डोकंच फिरलं. जायला निघाले तरी हिचा राग जाईना? मी गुडघे विसरून स्वयंपाकघरात गेले आणि वालूरच्या आवाजात ओरडले, "बास कर! मी नकोशी झाले असेन तर सरळ तोंडानं सांग. भांड्याकडून काय सांगायलीस?"

सून थिजली. हातात केकाचं भांडं, आत पातळ पीठ, खाली घडी घातलेलं फडकं.

"आई, मी हवा काढायलेय!"

"कसली हवा?"

"पिठातली! आपटलं की बुडबुडे वर येऊन फुटतात, मग केकाला भोकं पडत न्हाईत. तरीबी पडायलीत. अन तुमी रोज टोमणा मारायलात!"

"मी? टोमणा?"

"मग! जाळी छान पडली, जाळी छान पडली! भोकं पडली की केक फसला म्हणतात. तुमी असं बोललात की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मग मी पीठ लय घुसळते. अन लय घुसळलं की आणखीच भोकं पडतात!"

मला हसू फुटलं. अनारशाचं सांगितलं तशी तीही हसायला लागली. पण हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"ह्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं, आईचा आवाज वेशीपर्यंत जातो. मी घाबरून होते. अन तुमी आल्यापासून एक शब्द न्हाई. चालतं बाई, चालतं बाई. पाहुण्यासारख्या बसता. मला वाटायचं, तुमाला माझं घर आपलं वाटेना."

ही पोर माझ्या ओरडण्याची वाट बघत होती! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "तुझी भाजी खारट असते."

"एवढंच ना? सांगायचं की!"

"अन चहा फिका."

"तो तुमची साखर वाढू नये म्हणून. तो तसाच मिळंल."

भांड्यातलं पीठ घुसळून घुसळून बिघडलेलंच होतं. तिनं नवं कालवायला घेतलं आणि मी शेजारी स्टूल ओढून बसले. जरा हात जोरात चालला की ओरडायचे, "ताक करायलीस का?" मैदा जेमतेम मिसळला तशी ती थांबली. पीठ हळूहळू भांड्यात सोडलं, एक काडी त्यातून फिरवली आणि भांडं दोनदा आपटलं. या वेळी मी दचकले नाही.

संध्याकाळी केक कापला. आत एकसारखा, मऊ, कुठे भोक म्हणून नाही. सून नाचायचीच बाकी राहिली. मी निरखून बघितला आणि सांगून टाकलं, की मला विचारशील तर जाळीचाच बरा होता, हा नुसता पावासारखा दिसतोय. मग काय विचारता! अनारसा श्रेष्ठ की केक, यावर आमची जी जुंपली ती जेवणं होईपर्यंत. लेक ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

रविवारी सकाळी तो गाडीची किल्ली घेऊन आला. "आई, झालं का तुझं? वालूरला निघायचं ना?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला. पिंगळीच्या पोरीचाही आवाज काही कमी नाही.

"कुठं न्यायलात त्यांना? त्या कुठंबी जाणार न्हाईत. आमचं भांडण अजून अर्धंच झालंय!"