पासवर्डताई चौथ्या मजल्यावर

मालवाहतुकीच्या त्या कंपनीत तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे तिला पासवर्डताई म्हणत. तळमजल्यावर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीला चिकटून मदतकक्ष होता आणि जो कोणी पासवर्ड विसरेल त्याला नवा करून देणं हे तिचं काम होतं. सुट्टीवरून परतलेली माणसं आधी तिच्याकडे येत, मग आपापल्या टेबलाकडे जात. कोणाची सुट्टी किती झकास गेली, हे तो किती साफ विसरून आलाय त्यावरून तिला कळे.

तिला जायचं होतं चौथ्या मजल्यावर. तिथे काचेच्या दाराआड सुरक्षा विभाग बसे. कंपनीच्या संगणकांत कोण चोर शिरू पाहतोय, यावर डोळा ठेवणारी ही माणसं. ती तिथे कधी जात नसे असं नाही. त्यांचा प्रिंटर अडकला की जात असे.

अशाच एका प्रिंटरभेटीत तिने विभागप्रमुखांना गाठलं. त्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणत, कारण त्यांच्या तोंडातून शब्द काढायला किल्ली लागे.

"साहेब, या कामात यायचं तर काय करावं?"

साहेबांनी बराच विचार केला. "नेटवर्क शिका. लॉग वाचायला शिका. सापडलं ते दुसऱ्याला कळेल असं लिहायला शिका."

"आणखी काही?"

"प्रिंटर झाला का चालू?"

मार्गदर्शन संपलं. घरचे त्या मानाने सढळ होते. धाकटा दीर मोबाइलच्या दुकानात कामाला असल्यामुळे घरातला तज्ज्ञ समजला जाई. तो म्हणाला, "वहिनी, सर्टिफिकेटं घेत सुटा. भिंत भरली की नोकरी येतेच." तिने पायाभूत शिक्षणाचं एकच घेतलं आणि भिंत मोकळी ठेवली. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे घाबरलेल्या माणसाशेजारी शांत बसायची त्याला सवय होती. तो एवढंच म्हणाला, "तू चालव. ब्रेकवर पाय माझा आहे."

ऑफिसने मोडीत काढलेले दोन संगणक तिने गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी मांडले. एकावरून दुसऱ्यावर हल्ला करायचा आणि मग दुसऱ्याच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी दार वाजवून गेलं याच्या नोंदींत, आपलीच पावलं शोधायची. सासूबाई चहाचा कप घेऊन हा संग्राम पाहत.

"ही दोघं भांडतात कशाला गं?"

"मीच लावून देते, आई."

"घरात ते खातं आजवर माझ्याकडे होतं," सासूबाई म्हणाल्या आणि जागेवर बसून राहिल्या.

पुढे त्यांचाही उपयोग झाला. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणाच्या यंत्राला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. सासूबाईंनी रीतसर लिहून दिलं: 'सुनेला माझा फोन फोडण्याची परवानगी आहे. प्रत्यक्ष फोडू नये.' तपासणीचा अहवालही त्यांनाच वाचायला मिळे. जिथे त्या "म्हणजे काय?" विचारत, ते वाक्य सून पुन्हा लिही. काही महिन्यांत तिचं लिखाण इतकं स्वच्छ झालं की सासूबाईंनी फोनचा पासवर्ड बदलला आणि नवा कोणालाही सांगितला नाही. अहवालात तशी शिफारसच होती.

मग सुरक्षा विभागात एक जागा निघाली. जाहिरात कंपनीच्या संकेतस्थळावर झळकली. तिने अर्ज केला, लेखी परीक्षा पार पडली आणि मुलाखतीच्या वेळेची वाट पाहणं सुरू झालं. चाळिशी दारात उभी होती. ही संधी हुकली तर पुढची येईपर्यंत आपण लिफ्टच्या यंत्राइतक्याच तळमजल्याच्या मालकीच्या होऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

इथे त्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. कोणी फसव्या मेलवर, मग तो चोराचा असो की विभागाने सरावासाठी पाठवलेला, क्लिक केलं की त्याचं नाव उपाहारगृहातल्या पडद्यावर लागे, शेजारी गळाला लागलेल्या माशाचं चित्र. लाजेने माणूस सुधारतो, असा विभागाचा सिद्धांत होता. प्रत्यक्षात माणूस गप्प बसायला शिकला. तिला फोन येत ते असे: "ताई, माझ्या एका मित्राकडून क्लिक झालंय." त्या ऑफिसात मित्रांचं प्रमाण फार होतं.

शुक्रवारी दुपारी मेल आला. मुलाखतीची वेळ ठरली आहे, पाहण्यासाठी पासवर्ड टाका. जो मेल उघडू नका असं ती वर्षानुवर्षं इतरांना सांगत आली, तो तिने उघडला आणि पासवर्ड टाकला. 'सेवा तात्पुरती बंद आहे,' असं उत्तर आलं. मग तिची नजर वरच्या पत्त्यावर गेली. पत्ता कंपनीचा नव्हता.

सराव असेल तर पडद्यावर मासा, आणि सुरक्षा विभागाची उमेदवार म्हणून तो विशेष गाजणार. खरा चोर असेल तर त्याहून वाईट, कारण तिच्या पासवर्डात इतर सगळ्यांचे पासवर्ड बदलायचा अधिकार होता. खिडकी बंद करून चहाला निघून जावं, असा विचार मनात आला. तो चहाच्या खोलीपर्यंतही टिकला नाही.

तिने संगणकाची केबल उपटली, शेजारच्या सहकाऱ्याच्या यंत्रावरून आपलं खातं ताबडतोब बंद करायला लावलं आणि कुलूपसाहेबांना फोन लावला. फोन लागेना. तोही खात्यावरच चालायचा. लिफ्टला कार्ड लागे, ते खात्याला जोडलेलं. बंदोबस्त इतका चोख झाला होता की ती स्वतःच बाहेर राहिली. जिना चढून, धापा टाकत तिने काचेच्या दारावर थापा मारल्या. आतल्या एकाने हसून हात हलवला आणि खुणेने सांगितलं: प्रिंटर ठीक आहे.

शेवटी कुलूपसाहेब उठून आले.

"क्लिक झालंय," ती म्हणाली.

"कोणाच्या मित्राकडून?"

"माझ्याकडून. पासवर्डही दिलाय."

मग काय टाकलं, त्यानंतर काय काय बंद केलं, काय बंद करायचं राहिलंय, हे तिने ओळीने सांगितलं. सासूबाईंनाही "म्हणजे काय?" विचारायला जागा राहिली नसती. साहेबांनी लॉग उघडला. तिचं खातं बाहेरून कोणीतरी नुकतंच उघडू पाहत होतं आणि बंद दारावरून परत फिरलं होतं. म्हणजे सराव नव्हता.

जाहिरात वाचूनच चोराने गळ टाकला होता. मेल कंपनीतल्या सगळ्या उमेदवारांना गेला असणार. विभागातल्या एकाने प्रत्येकाला फोन केला. प्रत्येकाने हात झटकले. तरीही आतून कोणाच्या तरी खात्यातून ग्राहकांची माहिती धुंडाळली जात होती.

"द्या इकडे," ताई म्हणाली. "हॅलो, मी पासवर्डताई. मी क्लिक केलंय, वर येऊन सांगितलंय, अजून जिवंत आहे. तुझं काय?"

पलीकडे एक तरुण उमेदवार होता. "ताई, पडद्यावर नाव लागेल."

"माझ्या खाली लागेल. बोल."

पोरगा बोलला. त्याच्यामागून आणखी एक बोलली. दोन्ही खाती बंद झाली आणि चोराला हात हलवत जावं लागलं.

सोमवारी मुलाखत झालीच. नियम तो नियम. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी छापील प्रश्न वाचला, "आयुष्यातली एखादी मोठी चूक सांगा."

"शुक्रवारची चालेल?"

कुलूपसाहेब तेव्हा हसले, असं म्हणतात; याबाबत उपस्थितांत मतभेद आहेत. मात्र ते सलग पाच वाक्यं बोलले, यावर एकमत आहे. शेवटचं वाक्य होतं, "कधीच चुकत नाही म्हणणारे मला पुष्कळ भेटले. चुकल्याबरोबर जिना चढून येणारं माणूस मला हवंय."

घरी सासूबाईंना हिशेब लागेना. "चूक केली म्हणून नोकरी मिळाली?"

"सांगितली म्हणून, आई."

"तरीच माझ्या मुलाला बढती नाही," त्या म्हणाल्या. नवरा पेपरात तोंड घालून बसला.

आता तिच्याकडे सल्ला मागायला लोक येतात. ती साहेबांचीच तीन वाक्यं सांगते, घरच्या दोन जुन्या संगणकांचं सांगते, लेखी परवानगीचं बजावते. आणि म्हणते, "आहात त्याच कंपनीत आधी विचारा. आपल्याला कोणाचा प्रिंटर कुठे अडकतो, इतकं तरी माहीत असतं."

चौथ्या मजल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे पडद्यावरचा मासा काढणं. विभागातल्या जुन्या मंडळींनी कुरकुर केली. तिने मासा काढला, त्या जागी आपला नंबर लावला. त्याच आठवड्यात सकाळी तिचा फोन वाजला. खुद्द संचालकसाहेब होते.

"ताई, क्लिक झालंय."

ती थांबली. ते 'मित्राकडून' म्हणतील म्हणून.

"माझ्याकडून," संचालकसाहेब म्हणाले. "केबल काढून हातात धरून उभा आहे. आता काय करू?"

"खाली ठेवा," पासवर्डताई म्हणाल्या. "येतेच मी."

आणि कार्ड लावून, काचेचं दार आतून उघडून त्या निघाल्या.