साक्यावरची वाइन

जर्मनीत येना शहरात पीएचडी करत असताना एका सप्टेंबरात मी दोन आठवड्यांची सुट्टी टाकून फ्रान्सला द्राक्षं तोडायला गेले. माझ्या फ्रेंच फ्लॅटमेटच्या मावशीची तिकडे, अटलांटिकच्या बाजूला, द्राक्षबाग होती. आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही, त्यामुळे आईला मी 'मैत्रिणीच्या शेतावर जातेय' एवढंच सांगितलं.

तिथे मस्कादे नावाची पांढरी वाइन करतात. मावशी सत्तरीच्या, बुटक्या, आवाज खणखणीत. पहिल्याच सकाळी मी कात्रीने अंगठा कापून घेतला, तर त्यांनी फडकं गुंडाळलं आणि मला परत ओळीत उभं केलं. संध्याकाळी त्या टाक्या दाखवायला घेऊन गेल्या. द्राक्षांचा रस जमिनीखालच्या टाक्यांत आंबतो, काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं. बरेच लोक तो साका लवकर काढून टाकतात. मावशी मात्र सगळा हिवाळा वाइन साक्यावरच ठेवायच्या आणि वसंतात, तळ न ढवळता, थेट बाटलीत भरायच्या.

"हे द्राक्ष मुळात अबोल," त्या सांगत होत्या आणि फ्लॅटमेट भाषांतर करत होती. "ना फारसा वास, ना गोडवा. साका त्याला बोलतं करतो. मी फक्त घाई करत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आम्ही तोडलेल्या द्राक्षांच्या दोन बाटल्या पाठवल्या. लिंबासारखी आंबट, किंचित खारट, जिभेवर बारीकशी चुणचुण. मला इतका आनंद झाला की एक बाटली मी इन्स्टिट्यूटच्या समर-पार्टीला घेऊन गेले. माझे पीएचडीचे गाइड असलेल्या प्रोफेसरांना वाइनमधले जाणकार म्हणून मान होता. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "पाणी आहे हे. तुम्हा लोकांच्या तिखट जेवणाबरोबर तर आपली गोड जर्मन वाइन, रीसलिंग हवी."

मी साक्याबद्दल सांगितलं, मावशींचे शब्दही सांगितले.

"म्हणजे थोडक्यात, टाकी धुवायचा आळस!" प्रोफेसर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. त्याच वर्षीच्या वसंतात माझ्या दोन वर्षांच्या मोजमापांवर लिहिलेल्या पेपरवर प्रोफेसरांनी पहिलं, म्हणजे मुख्य लेखकाचं, नाव दुसऱ्याचं लावलं होतं. तेही मी गिळलं होतं.

ऑक्टोबरात परदेशातून काही संशोधक आले, म्हणून प्रोफेसरांनी आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. रविवारची दुपार, टेबलावर मासे. त्यांनी दुकानातून आणलेली मस्कादेची बाटली उघडली, पाहुण्यांचे ग्लास भरले आणि सावकाश बोलायला लागले, "हे द्राक्ष मुळात अबोल असतं. साका त्याला बोलतं करतो. एका म्हाताऱ्या बागवाल्या बाईने मला सांगितलं होतं."

मला! माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी काटा खाली ठेवला.

"ती बाई तुम्हाला कधी भेटली?" मी विचारलं.

ते हसून दुसरीकडे बघायला लागले.

"तिने ते मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही त्याला आळस म्हणालात."

"बरं, बरं. गोष्ट कोणाची, याने काय फरक पडतो?"

"पडतो. पेपरवरही पडतो."

त्यांच्या पत्नीने बटाटे कोणाला हवेत ते विचारलं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाहुण्यांसमोर मी त्यांची शोभा केली, असं त्यांचं म्हणणं. मी माझ्या तीन लॅब-वह्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मी म्हणाले, "पुढच्या पेपरचं सगळं काम यात आहे. पहिलं नाव माझं नसेल, तर मी युनिव्हर्सिटीत लेखी तक्रार करेन."

त्यांनी वह्या न वाचताच पानं उलटली. "एवढ्याशा वाइनवरून?"

"नाही," मी म्हणाले, "आणि ते तुम्हालाही माहीत आहे."

पुढच्या पेपरवर माझं नाव पहिलं आलं. आधीच्या पेपरवरचं मात्र आजही तिसरंच आहे. माफीचा शब्द नाही, उलट शिफारसपत्र चार कोरड्या ओळींचं. आता मी कोलोनला नोकरी करते. येनाच्या जुन्या ग्रुपमधली एक मुलगी परवा भेटली. प्रोफेसर ती गोष्ट अजून नव्या विद्यार्थ्यांना सांगतात म्हणे, आणि आता त्यात द्राक्षंही त्यांनीच तोडलेली आहेत. ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.