वैशाखऱ्यातलं कुलूप

परवा ठाण्यात एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते म्हणाले, बायकांसाठीचे आंतरराष्ट्रीय करार म्हणजे परदेशात सह्या केलेले कागद, खेड्यातल्या बाईला त्यांचा काय उपयोग... मी उठून विचारलं, "मुरबाडला कधी आलात का हो?" नव्हते आले.

घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा मुरबाडला शिक्षिका. माझी जुनी विद्यार्थिनी संगीता तालुक्यातल्याच वैशाखरे गावात दिलेली. नवऱ्याने, मारुतीने, तिला मारून बाहेर काढलं आणि दाराला कुलूप ठोकलं.

शेजारच्या सुमनमावशी म्हणाल्या, "नवऱ्याचं घर हाय बाई, आमी काय बोलनार?"

हा कायदा आभाळातून पडलेला नव्हता. नव्वदच्या दशकात आपल्या देशाने बायकांच्या हक्कांचा जागतिक करार मान्य केला, जगासमोर शब्द दिला... आणि त्या शब्दाचा जाब विचारत इथल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या. त्याच कायद्याने कोर्टाचा आदेश मिळाला, संगीताला त्या घरात राहू द्या. मारुतीने आदेश खिशात घातला. कुलूप तसंच.

मी कॉन्व्हेंटची, रागातसुद्धा 'एक्सक्यूज मी' म्हणणारी. मारुतीच्या अंगणात जाऊन उभी राहिले तेव्हा मात्र वेगळेच शब्द निघाले. तो हसला.

मग मी मावशींना आदेशाची संगीताकडची प्रत वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली आणि मग उठून गावातल्या बायकांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या शेतात भाताची लावणी होती. चिखलणी झालेली, रोपं उपटून ठेवलेली... आणि एकही बाई आली नाही. तो मावशींच्या दारात आला.

"मावशे, रोपं सुकून जातील गो!"

"जाऊ दे. आदी कुलूप काड. कोर्ट बोललाय, घर तिचं पन हाय."

"आमच्या घरातला मामला हाय तो..."

"मंग घरातल्यांनाच उतरव चिखलात!" ओटीवरच्या बायका खो खो हसल्या.

दुपारी कुलूप निघालं. मारुती काही संत झाला नाही, पण त्याने पुन्हा हात उचलला नाही. शेजारीच मावशी राहतात ना!

करार कुलूप काढायला येत नाही, मान्य. पण 'आमी काय बोलनार' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी 'कोर्ट बोललाय' हे कुठून आलं, ते वक्त्यांनी शोधावं. अशा बायकांच्या तालुक्यात मी आयुष्यभर शिकवलं... त्याचा मला माज आहे, आणि तो मी मुळीच सोडणार नाही.