कानातलं मशीन

आमच्या छावणीतल्या चर्चमधी पुढच्या बाकावर एक म्हातारी बसते. प्रार्थनेआधी कानातलं मशीन काढून डबीत ठेवते. मशीनबिगर तिला चर्चची घंटाबी ऐकू येत नाय. म्हणते, "आधी मन रिकामं करावं, मग प्रभू वाट दाखवतो."

परवा प्रार्थना संपली तरी तिचे डोळे मिटलेलेच. तशीच माझ्याकडं वळली. "दादा, चितेगावला भावाकडं जा. आजच."

भावाशी मी बारा वर्सं बोललो नव्हतो. मला भाऊ हाय हे चर्चमधी कुनालाच ठाऊक नाय. "आधी त्यानं यावं," मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो.

"तोबी हेच म्हणत बसलाय," ती म्हणाली.

मी कुनाचं ऐकणारा माणूस नाय. पण तिच्या मांडीवरच्या बंद डबीकडं बघितलं, अन् चितेगावची गाडी धरली.